२२ नंबरच्या बसला कायद्यात जागा हवी

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत व्हीटीए ही एकच संस्था लाइट रेलही चालवते आणि बसही. लाइट रेल उत्तर सॅन होजेच्या ऑफिसांच्या वसाहतींतून, रुंद रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातून धावते. तिला स्वतःचे रूळ आहेत, पण प्रवाशांची गर्दी तिच्या वाट्याला कधी फारशी आली नाही. याच संस्थेची २२ नंबरची बस पालो आल्टोहून निघते आणि एल कमीनो रिअल या जुन्या हमरस्त्याने माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, सांता क्लारा मागे टाकत पूर्व सॅन होजेतल्या ईस्टरिजपर्यंत जाते. जोडीला तीच वाट धरणारी, मोजकेच थांबे घेणारी ५२२ आहे. व्हीटीएच्या सर्वांत वर्दळीच्या मार्गांत २२चं नाव वर्षानुवर्षं वरच राहिलं आहे.

या दोन सेवांपैकी कोणत्या सेवेच्या आसपास जास्त घरं बांधू द्यावीत, असं कुणालाही विचारलं तर तो बसकडे बोट दाखवेल. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने रेल्वेकडे दाखवलं आहे.

‘एसबी ७९’ हा तो कायदा. सिनेटर स्कॉट वीनर यांनी तो मांडला, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी १० ऑक्टोबर २०२५ला त्यावर सही केली आणि १ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. ज्या काउंट्यांत १५पेक्षा जास्त प्रवासी रेल्वे स्थानकं आहेत तिथेच तो लागू होतो. वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या, म्हणजे साधारण ८०० मीटरच्या आत, शहराच्या स्वतःच्या नियमांत काहीही लिहिलेलं असलं तरी बहुमजली घरांना परवानगी द्यावी लागेल, हा त्याचा गाभा. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट या मेट्रोसारख्या मोठ्या रेल्वेच्या स्थानकाला लागून ९५ फुटांपर्यंत उंची मिळते आणि अंतर वाढत जातं तशी ती उतरत जाते. लाइट रेलला दुसरा स्तर मिळाला: स्थानकाला लागून ८५ फूट, पाव मैलात ६५, अर्ध्या मैलात ५५. लाइट रेल दर किती मिनिटांनी यावी, याची काहीही अट नाही. रूळ असले की पुरे.

बसला मात्र अट आहे. चोवीस तास फक्त बससाठी राखलेली मार्गिका हवी आणि गर्दीच्या वेळी दर १५ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर बस हवी. दोन्ही असेल तर ती लाइट रेलच्या बरोबरीने दुसऱ्या स्तरात बसते. नसेल तर तिच्या थांब्यापाशी कायद्याचं काहीच चालत नाही. मसुद्यात आधी साध्या पण वारंवार येणाऱ्या बसच्या थांब्यांसाठीही खालचा एक स्तर होता. वाटाघाटींच्या फेऱ्यांत तो गळला. एल कमीनोवर राखीव मार्गिका नाही, त्यामुळे २२ बाद. स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डवरून डी अँझा कॉलेजपर्यंत जाणारी २३ही बाद. क्युपर्टिनोत एकही रेल्वे स्थानक नाही. तेव्हा ज्या शहरात जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचं मुख्यालय आहे आणि जिथल्या शिक्षकाला, परिचारिकेला गावात घर परवडत नाही, तिथे वाहतुकीजवळ घरं बांधायला लावणारा हा कायदा जवळजवळ निष्प्रभ ठरतो.

बस आपोआप गळलेली नाही, विचार करून गाळलेली आहे. वीनर यांनी २०१८च्या जानेवारीत ‘एसबी ८२७’ मांडलं तेव्हा वारंवार येणाऱ्या बसच्या थांब्यापासून पाव मैलाचा पट्टाही त्यात होता. लॉस एंजेलिसच्या नकाशावर हे पट्टे काढून बघितल्यावर शहराचा फार मोठा भाग त्यात आला आणि तिथून विरोध पेटला. ते विधेयक एप्रिलमध्ये समितीतच पडलं. त्यानंतरच्या ‘एसबी ५०’ने बसची व्याख्या कडक केली: गर्दीच्या वेळी १० मिनिटांना, एरवी रात्री १० वाजेपर्यंत २० मिनिटांना, शनिवार-रविवारी अर्ध्या तासाला. तेही २०२० साली सिनेटमध्ये तीन मतांनी कमी पडलं. दोनदा हात पोळल्यावर तिसऱ्या वेळी बस जवळपास सोडून देण्यात आली. कायदा मंजूर होणं महत्त्वाचं होतं आणि ‘एसबी ७९’ मंजूर झाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या वेळी केलेली तडजोड पुढे तत्त्व म्हणून मिरवू लागली, तर ती चूक ठरेल.

हे तत्त्व असं सांगितलं जातं: रूळ कायमचे असतात, बस कायमची नसते. इमारत सत्तर वर्षं उभी राहणार, तिचं कर्ज तीस वर्षं फिटणार आणि बसचा मार्ग तर पुढच्या तिमाहीच्या वेळापत्रकात बदलू शकतो. मग बसच्या भरवशावर सहा मजले चढवायचे कसे? हा प्रश्न खोडसाळ नाही. २०२०च्या महासाथीत अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक शहराने बसफेऱ्या कापल्या आणि कित्येक मार्ग पूर्वीच्या वारंवारतेवर परत आलेच नाहीत. ज्या नियोजन अधिकाऱ्याने थांब्याभोवती वर्तुळ काढून नकाशा मंजूर केला, त्याच्या नकाशातून थांबाच निघून जाण्याची भीती खरी आहे.

पण रूळ कायमचे असतात, हा या राज्याचा अनुभव नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गिअरी बुलेव्हार्डवर एकेकाळी ट्राम धावत होती. १९५६च्या डिसेंबरात ती बंद झाली, रूळ निघाले आणि त्याच रस्त्यावर बस आली. ती ३८ गिअरी आजही शहरातल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांपैकी एक आहे. बे ब्रिजवरून ओकलंडला जाणाऱ्या की सिस्टिमच्या गाड्या १९५८ साली थांबल्या. लॉस एंजेलिस परिसरातल्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्यांचं जाळं एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांत गणलं जायचं. त्यातली शेवटची गाडी १९६१ साली बंद पडली. रूळ गेले. टिकली ती माणसांची ये-जा. गिअरीवर लोक दाटीने राहत होते, त्यांना गावात जायचं होतं, म्हणून ट्राम गेली तरी बस आली आणि सात दशकं तिथेच राहिली. वाहतूक कायम ठेवते ती आसपासची वस्ती. मग वाहतूक कायमची झाल्याशिवाय वस्ती वाढू द्यायची नाही, हा नियम उलट्या टोकाने लिहिलेला आहे.

राखीव मार्गिकेच्या अटीने आणखी एक नुकसान होतं आणि मला ते सर्वांत जास्त खुपतं. मार्गिका आखली की घरांची उंची वाढणार, असं समीकरण कायद्यानेच मांडून दिलं आहे. ज्यांना आपल्या भागात नवी घरं नको आहेत, त्यांना आता बसची मार्गिकाही नको होणार. एल कमीनोवर हे नाटक एकदा होऊन गेलेलं आहे, तेही हा कायदा नसताना. व्हीटीएने त्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिकांची योजना आणली होती. २०१५च्या आसपास पालो आल्टोपासून सनीव्हेलपर्यंतच्या शहरांत तिच्यावर सभा झाल्या, गाड्यांना एक मार्गिका कमी पडेल या धास्तीने विरोध उभा राहिला आणि योजना गुंडाळली गेली. उद्या कुणी ती पुन्हा काढली, तर वाहतूक कोंडीच्या तक्रारीला ‘सहा मजली इमारती येतील’ ही तक्रारही जोडली जाईल. बसच्या प्रवाशाला वेळ वाचवणारी मार्गिका हवी आहे, भाडेकरूला घर हवं आहे, आणि कायद्याने या दोघांच्या मागण्या अशा बांधल्या आहेत की एकीच्या विरोधकांना दुसरीही पाडण्याचं कारण मिळावं.

शिवाय ही अट रस्त्यावर नीट बसतही नाही. लॉस एंजेलिसच्या विल्शर बुलेव्हार्डवर २०१५पासून बसच्या मार्गिका आहेत, पण त्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीपुरत्याच. दुपारी तिथून गाड्या जातात, म्हणजे ‘चोवीस तास’ची अट मोडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॅन नेस मार्गावर २०२२पासून रस्त्याच्या मधोमध बसची स्वतंत्र मार्गिका आहे. तीच बस पुढे साध्या रस्त्याला लागते. मग मार्गिका संपल्यानंतरचा पहिला थांबा कायद्यात धरायचा की नाही? बस तीच, प्रवासी तेच, वारंवारता तीच, बदलला तो डांबरावरचा रंग. अशा फटींवर वकिलांची वर्षं जातात आणि तेवढी वर्षं घरं अडकतात.

राज्याकडे बसची दुसरीही एक व्याख्या आहे, पर्यावरण कायद्यातली. गर्दीच्या वेळी ठरावीक मिनिटांनी येणाऱ्या दोन किंवा अधिक मार्गांची जिथे गाठ पडते, तो ‘प्रमुख थांबा’. आधी ही मर्यादा १५ मिनिटांची होती. २०२४च्या ‘एबी २५५३’ने ती २० केली. याच व्याख्येच्या आधारावर ‘एबी २०९७’ या २०२२च्या कायद्याने थांब्यापासून अर्ध्या मैलातल्या बांधकामांवरची किमान पार्किंगची सक्ती काढली. पार्किंगची सक्ती जाणं मला पूर्ण मान्य आहे. पण या व्याख्येत दोन खोट आहेत. एक, एकच मार्ग कितीही दमदार असला तरी दुसरा वारंवार मार्ग त्याला छेदत नाही तिथे त्याचा थांबा मोजला जात नाही. दोन, ती फक्त सकाळ-संध्याकाळची बस बघते.

ही दुसरी खोट साधी नाही. नऊ ते पाच ऑफिसला जाणारा माणूस हाच प्रवासी, असं धरून ती व्याख्या लिहिलेली आहे. महासाथीनंतर तो माणूस आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतो. बस भरते ती हॉटेलातून रात्री साडेदहाला सुटणाऱ्या कामगाराने, रुग्णालयाच्या पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेने, दुपारच्या वर्गाला निघालेल्या कॉलेजच्या मुलीने. सनीव्हेल-सांता क्लारा पट्ट्यातल्या मराठी घरांतही बघा. घरातला कमावता माणूस मोटार घेऊन गेला की मागे राहतात ते सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. गाडी चालवायची म्हणजे रस्त्याची दुसरी बाजू, भलता वेग, नवा परवाना. त्यांना त्यात पडायचं नसतं. ग्रंथालय, वाणसामानाचं दुकान, देऊळ सगळं एल कमीनोच्या अंगाने आहे. त्यांना हवी असते ती दुपारी अडीचची बस आणि रविवार सकाळची बस. सकाळी आठला दर १५ मिनिटांनी आणि रविवारी तासाला एक, अशी बस असली तर तिच्या भरवशावर घरातली एक मोटार कमी करता येत नाही. आणि मोटार कमी होणार नसेल तर वाहतुकीजवळ घर बांधण्याचा अर्धा हेतूच सुटतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बसमार्ग पात्र ठरवताना रस्त्यावरचा रंग बघू नये, वेळापत्रक बघावं, आणि ते सातही दिवसांचं बघावं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२३ साली या दिशेने पाऊल टाकलं. तिथल्या नियमात कामाच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ आणि शनिवार-रविवारी १० ते ६, सरासरी दर १५ मिनिटांना बस असेल तर त्या थांब्यापासून ४०० मीटरच्या आतल्या पुरेशा मोठ्या भूखंडावर एका घराऐवजी सहा घरांपर्यंत बांधता येतात. राखीव मार्गिकेची अट नाही. संध्याकाळी ७नंतरचा प्रवासी त्यांनी सोडला, ते मला पटत नाही. ‘एसबी ५०’ त्या बाबतीत अधिक समजूतदार होतं, त्याने रात्री १०पर्यंतचा विचार केला होता. पण पाया तोच योग्य आहे: दिवसभर, आठवडाभर, दर पाव तासाला.

कॅलिफोर्नियात ही व्याख्या लिहायची तर मोजणी मार्गाची न करता रस्त्याच्या तुकड्याची करावी लागेल. २२ आणि ५२२ एकाच रस्त्याने, एकाच दिशेने जातात आणि दोन्ही जिथे थांबतात त्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही चालतात. तिथे दोन्ही मिळून किती मिनिटांनी बस येते, तेच त्याच्यासाठी खरं. अंतरही चालण्याचं धरायला हवं, नकाशावर कंपासने काढलेलं नको. १०१ किंवा २८० महामार्गाच्या पलीकडचं घर नकाशावर जवळ दिसतं आणि पायी पोहोचायला वीस मिनिटं लागतात. एकट्या बसमार्गाला पाव मैलाचा पट्टा पुरे, आणि उंची रेल्वेइतकी नको, चार-पाच मजले द्यावेत. त्यापुढे जायची घाई केली तर २०१८ची पुनरावृत्ती होईल.

बस उद्या कापली गेली तर काय, या प्रश्नाचं उत्तरही व्याख्येतच द्यावं लागेल. सलग तीन वर्षं ही वारंवारता टिकवलेला मार्ग पात्र धरावा. एकदा पात्र ठरला की दहा वर्षं तो यादीतून निघू नये, आणि परवानगीचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला त्या दिवशीची स्थिती त्या इमारतीपुरती कायम राहावी. यामुळे बांधणाऱ्याला भरवसा मिळतो. पळवाटही बंद होते: नवी घरं टाळायची म्हणून एखाद्या शहराने परिवहन संस्थेवर दबाव आणून १५ मिनिटांची बस १८ मिनिटांवर न्यायची, ही शक्यता मी काल्पनिक मानत नाही. दहा वर्षं यादीत राहायचंच असेल तर फेऱ्या कापून शहराच्या हाती काही लागणार नाही, उलट नव्या रहिवाशांच्या मोटारी तेवढ्या वाढतील.

याहून अवघड आक्षेप भाडेकरूंच्या संघटनांचा आहे. २०१८ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनीच जोरदार विरोध केला होता. वारंवार बस असते ती गरीब वस्तीत, कारण तिथेच लोक बस वापरतात. मग बसच्या आधारे उंची वाढवली तर जुन्या स्वस्त इमारती पाडून महाग घरं येतील आणि बसवर अवलंबून असलेलेच लोक बसपासून लांब फेकले जातील. पूर्व सॅन होजे किंवा ओकलंडचा इंटरनॅशनल बुलेव्हार्ड बघितला की ही भीती कुठून येते ते कळतं. ‘एसबी ७९’ने या बाबतीत एक कुंपण घातलं आहे. भाडेनियंत्रणाखाली असलेली आणि गेल्या सात वर्षांत भाडेकरू राहिलेली दोनपेक्षा जास्त घरं जिथे आहेत, ती जागा पाडून या कायद्याचा लाभ घेता येत नाही. बसमार्गांसाठी हे कुंपण अधिक उंच करावं, सात वर्षांची दहा करावीत, भाडेनियंत्रण नसलेल्या जुन्या इमारतींनाही ते लावावं. पण बस पूर्ण वगळून या भाडेकरूंचं रक्षण होत नाही. एल कमीनोच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल एकमजली दुकानं आणि त्यांच्यापुढे मोटारींसाठी सोडलेली डांबरी पटांगणं आहेत. तिथे कुणाचंही घर पाडावं लागत नाही. पहिली नवी घरं तिथे यायला हवीत, आणि आजच्या व्याख्येने तीच जागा रेल्वे स्थानक जवळ नसेल तर बाहेर राहते.

पुणे-पिंपरीचा अनुभव इथे दोन्ही अंगांनी उपयोगी आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या, मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या १०० मीटरच्या पट्ट्यात जादा बांधकामाला वाव दिला आणि त्यातून येणारा पैसा शहरी वाहतूक निधीकडे वळवण्याचा रस्ता केला. जागेची किंमत बसमुळे वाढली तर त्यातला वाटा बसला मिळावा, ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाही आणि असायला हवी. पुण्यात मात्र दुसरी बाजू दिसली. नगर रस्त्यावरची बीआरटी काही वर्षांत उखडली गेली. तिच्यासाठी बांधलेले थांबे गेले, खराडी-वाघोलीकडच्या इमारती तिथेच आहेत आणि त्यांतली माणसं रोज कोंडीत उभी आहेत. राखीव मार्गिका म्हणजे कायमची हमी, असं मानणाऱ्यांनी हा रस्ता एकदा बघावा. आणि पुण्यात आज जादा एफएसआयचं वर्तुळ मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरचं आहे, तर रोज सुमारे १० लाख प्रवासी वाहणाऱ्या पीएमपीच्या साध्या बसथांब्याला नियोजनात तसं काहीच स्थान नाही. रुळांकडे बघून घरं ठरवायची सवय सनीव्हेलपुरती नाही.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड-सॅन होजेच्या परिसरात, या घडीला पैशाची अडचण मोठी आहे. महासाथीत मिळालेली केंद्राची मदत संपत आली, तिकिटांचं उत्पन्न पूर्वीसारखं नाही आणि मोठ्या कपातीची टांगती तलवार आहे. नोव्हेंबर २०२६च्या मतदानात पाच काउंट्यांतल्या मतदारांपुढे वाहतुकीसाठी विक्रीकराचा प्रस्ताव आणता यावा, म्हणून ‘एसबी ६३’ हा कायदाही त्याच ऑक्टोबरात झाला. हा पैसा उभा राहिला तर तो कुठे घालायचा, याची यादी आधी त्या मार्गांनी सुरू व्हायला हवी ज्यांच्या कडेला घरं येऊ शकतात. आणि विधिमंडळाने पुढच्या अधिवेशनात ‘एसबी ७९’ला एक छोटी दुरुस्ती जोडावी. राखीव मार्गिका नसली तरी तीन वर्षं, सातही दिवस, सकाळी ७ ते रात्री १० दर १५ मिनिटांना बस देणाऱ्या रस्त्याच्या तुकड्याला तिसरा स्तर मिळावा: पाव मैल, चार-पाच मजले, भाडेकरूंसाठी कडक संरक्षण आणि वाढलेल्या जागेच्या किमतीतला वाटा त्या मार्गाच्या फेऱ्यांसाठी राखून. एल कमीनोवरची बस रात्री किंवा रविवारी या कसोटीला उतरत नसेल, तर कुठे किती फेऱ्या कमी पडतात आणि त्यांना खर्च किती, हे व्हीटीएने जाहीर करावं. तो आकडा समोर आला की मतदारांना आणि नगरसेवकांना नेमकं कशासाठी हो म्हणायचं ते ठरवता येईल.